दादाच्या मेंदूत टॉक्सोप्लाझ्मा: मांजर घरात ठेवायचं का? आणि हात परत चालेल का?

कोयनाकाठ (मंगळवार, रात्री ११:४०)

नमस्कार. इथे वाचते बरेच दिवस, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा दादा ४१ वर्षांचा. कराडजवळ एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. दिवाळीनंतर डोकं दुखतंय म्हणायला लागला. मग उजव्या हातातून चहाचा कप दोनदा निसटला. वहिनीला वाटलं, रात्रपाळीने झोप होत नाही म्हणून असेल. पुढे शब्द अडकायला लागले. 'किल्ली' म्हणायचं असलं की 'कुलूप' म्हणायचा आणि आपलं चुकलं हे कळून स्वतःवरच चिडायचा. एका पहाटे त्याला फिट आली, तेव्हा आम्ही हललो.

पहिल्या दवाखान्यात सीटी स्कॅन झाला. मेंदूत गाठी आहेत, टीबीच्या असणार म्हणाले आणि टीबीची औषधं सुरू केली. आठ दिवसांत दादाचा हात आणखी गळाला. मग दुसरीकडे हलवला. तिथल्या मॅडमनी आधी त्याचं तोंड उघडून बघितलं. जिभेवर, टाळ्याला पांढरा थर होता. वजन विचारलं. वर्षभरात ६९ चं ५८ झालं होतं, आम्ही शुगर असेल म्हणून सोडून दिलं होतं. त्यांनी दादाला बाजूला घेऊन विचारलं आणि एचआयव्हीची तपासणी केली. पॉझिटिव्ह आली. सीडी४, म्हणजे प्रतिकाराच्या पेशींचा आकडा, फक्त ३४.

एमआरआयमध्ये पाच कडी दिसतात, बांगडीसारखी, कडा चमकणारी. सगळ्यात मोठं डाव्या बाजूला खोलवर, भोवती सूज. रक्तात टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीच्या आयजीजी अँटिबॉडी सापडल्या. टीबीची औषधं तूर्त थांबवलीत. आता को-ट्रायमॉक्साझोल डीएसच्या सकाळी दोन, संध्याकाळी दोन, फिटसाठी लेव्हेटिरासेटम, आणि सुजेसाठी पहिले पाच दिवस डेक्सामेथासोनची इंजेक्शनं होती. आज औषधाचा सातवा दिवस.

राउंडला आलेले एक ज्युनियर डॉक्टर एवढंच बोलले की हा आजार मांजरापासून होतो, आणि पुढच्या कॉटकडे गेले. आईने नेमकं तेवढंच ऐकलं. आमची मनी दोन वर्षांची आहे. दादानेच उसाच्या फडातून आणलेली, त्याच्याच पायाशी झोपते. आई म्हणते, पोत्यात घालून धरणापलीकडे सोडून येते. आईला एचआयव्हीचं माहीत नाही. मला आणि वहिनीलाच माहीत आहे. वहिनी आणि पोरगी दोघींची तपासणी निगेटिव्ह आली.

मनीला खरंच घालवायचं का? दादाचा हात परत येईल का? तो लेथवाला माणूस आहे हो, हातावरच सगळं आहे. आणि हे किती दिवस चालतं? इथे कुणी यातून गेलंय का?

सिंहगड_पायथा (बुधवार, सकाळी ६:१५)

ताई, मी गेलोय. २०१४ मध्ये. माझा सीडी४ २२ होता आणि मेंदूत सात कडी होती. आज सकाळी फिरून येऊन हे लिहितोय, दोन्ही पायांनी फिरून.

आधी हे समजून घ्या की हा परजीवी दादाच्या अंगात गेल्या महिन्यात शिरलेला नाही. जगातल्या साधारण एकतृतीयांश माणसांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो. बहुतेकांना कळतही नाही, फार तर चार दिवस कणकण आणि मानेला गाठी. नंतर तो स्नायूंत आणि मेंदूत बारीक कोष करून निजून राहतो, वर्षानुवर्षं. शरीराच्या पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. एचआयव्हीने त्या पेशी संपत आल्या, सीडी४ शंभराच्या खाली गेला, की पहारा उठतो आणि तो जागा होतो. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे जुनी ओळख. दादाला तो शाळेत असताना झाला असेल, मातीतून, पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या मटणातून. दोन वर्षांच्या मनीवर आळ घेण्यात अर्थ नाही.

माझी सुरुवात डाव्या पायापासून झाली. चप्पल पायातून निसटायची आणि मला कळायचं नाही. घरी आलो की बायको म्हणायची, पुन्हा एकाच पायात चप्पल. तिरका चालायचो म्हणून सोसायटीत लोकांना वाटलं मी पितो. माझ्याही बाबतीत आधी टीबीच्या गाठी, मग डुकराच्या मांसातल्या टेपवर्मच्या गाठी, असं फिरत फिरत तीन आठवडे गेले. मी डॉक्टरांना दोष देत नाही. आपल्याकडे या दोन्ही गाठी खूप असतात आणि स्कॅनवर तिन्हींचं कडं सारखंच दिसू शकतं. पण एक गोष्ट मी आता जिथे बोलायला मिळेल तिथे बोलतो: मेंदूत कडी दिसली की एचआयव्हीची तपासणी त्याच दिवशी व्हायला पाहिजे. माणूस कसा दिसतो, काय करतो, लग्न झालंय का, हे बघू नये. साधी रक्ताची तपासणी, थोड्या वेळात निकाल. माझे तीन आठवडे आणि तुमच्या दादाचे आठ दिवस फक्त त्यामुळे गेले. आणि त्याच्याही आधी कुणी ती केली असती, तर को-ट्रायमॉक्साझोल डीएसची रोज एक गोळी देऊन हे सगळं बहुधा टळलं असतं. जी गोळी दादा आता दिवसाला चार घेतोय, तीच. हे मला अजून सलतं.

आता पुढचं. दहा ते चौदा दिवस हा कळीचा काळ आहे. टॉक्सो असेल तर या औषधाने एवढ्या दिवसांत फरक दिसायला लागतो, आधी माणसात आणि मग फिल्मवर. म्हणून मेंदूतला तुकडा काढून तपासायची घाई करत नाहीत, आधी औषध देऊन बघतात. दोन आठवड्यांनी एमआरआय परत काढतात. कडी लहान झाली तर निदान बरोबर. नाही झाली तर मग लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) आहे का, टीबी आहे का, हे शोधायचं आणि तेव्हा बायॉप्सीचा विचार. त्यात एक मेख आहे, जी मला माझ्या न्यूरोच्या सरांनी कागदावर चित्र काढून समजावली होती. डेक्सामेथासोनने सूज उतरते, आणि लिम्फोमा असला तर तोही काही दिवस आक्रसतो. त्यामुळे स्टेरॉइड चालू असताना बरं वाटलं तर ते नेमकं कशाने हे सांगता येत नाही. दादाचं डेक्सा पाचव्या दिवशी बंद झालंय, हे चांगलं झालं. आता जो फरक दिसेल तो खरा.

पूर्ण मात्रा साधारण सहा आठवडे. मग कमी मात्रा बरेच महिने. माझा सीडी४ दोनशेच्या वर जायला चौदा महिने लागले आणि आमच्या एआरटी (एचआयव्हीच्या औषधांच्या) सेंटरने तो दोनदा साडेतीनशेच्या वर येईपर्यंत रोजची गोळी सोडू दिली नाही. मधे मला वाटलं, आता काय गरज आहे. वॉर्डात माझ्या शेजारी एकजण होता, त्याने बरं वाटलं म्हणून तिसऱ्या महिन्यात सगळंच बंद केलं. दीड महिन्यात तो पुन्हा त्याच वॉर्डात होता. औषधाने हा परजीवी मरतो, पण निजलेल्या कोषांपर्यंत औषध पोचत नाही. त्यांना निजवून ठेवायचं काम परत आपल्या पेशींनाच करायचं असतं, आणि तोवर गोळीने.

हाताबद्दल: माझा पाय नव्वद टक्के आला. जिना उतरताना अजून कठडा धरतो. फिजिओवाल्यांनी चौथ्या दिवशीच सुरू केलं, थांबू नका. घरी आल्यावर माझ्या मेहुण्याने, त्याला अर्धांगवायू होऊन गेला होता, एक युक्ती सांगितली. ताटात तूरडाळ, हरभरे आणि राजमा एकत्र करायचे आणि दुखऱ्या हाताने वेगळे करायचे. माझा तर पाय होता, पण बोटांनाही थोडा जडपणा होता म्हणून मी केलं. दादासाठी हे फार उपयोगी पडेल. सुरुवातीला राजमा, मग हरभरा. तूरडाळ चिमटीत आली त्या दिवशी मी रडलो होतो. लेथवाल्याच्या बोटांना आठवण असते, ताई. नट-बोल्ट द्या त्याच्या हातात. पण फिटचा धोका संपला असं डॉक्टर सांगेपर्यंत प्रत्यक्ष मशिनवर उभं राहायचं नाही, आणि गाडीही चालवायची नाही.

सुगरण_माई (बुधवार, सकाळी १०:०५)

वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. भावाला रोज दोन शहाळी दे, अशक्तपणात नारळपाण्यासारखं काही नाही. केळीही दे. आणि एवढ्या उष्ण गोळ्या आहेत तर सोबत गुळवेलीचा काढा दे, प्रतिकारशक्ती वाढते. माझ्या नणंदेच्या मुलाला डेंग्यूत खूप गुण आला होता.

पशुवैद्य_नीराकाठ (बुधवार, दुपारी १:३०)

मी गुरांचा डॉक्टर, पण मांजरांचेही बरेच बघतो, म्हणून फक्त मनीपुरतं बोलतो.

हे खरं आहे की हा परजीवी आपलं लैंगिक चक्र फक्त मांजराच्या जातीतल्या प्राण्यांच्या आतड्यातच पुरं करतो. ते १९७० च्या सुमारास नक्की झालं. परजीवी मात्र १९०८ मध्येच सापडला होता, ट्युनिसमध्ये, गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात. तर मांजराचा संबंध आहेच. पण कसा, ते बघा. मांजर पहिल्यांदा बाधित उंदीर किंवा पक्षी खातं, तेव्हा त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात, एक ते तीन आठवडे. त्यानंतर बहुतेक मांजरांच्या बाबतीत ते बंद होतं. आणि ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. मांजराच्या केसांतून, कुरवाळण्यातून, पायाशी झोपण्यातून हा आजार सहसा होत नाही.

धोका मातीत आहे. ओलसर मातीत ही पिकलेली अंडी वर्षभराहून जास्त जगतात. गावाकडची मांजर परड्यातल्या भुसभुशीत मातीत बसते, आणि आपण तिथेच कोथिंबीर, मेथी लावतो. क्लोरीनलाही ती दाद देत नाहीत. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात १९९५ साली नळाच्या पाण्यातूनच साथ आली होती. म्हणून दादासाठी पाणी उकळून. पालेभाजी वाहत्या पाण्यात तीन-चारदा धुऊन आणि शिजवून, कच्ची कोथिंबीर वरून भुरभुरायची नाही सध्या. मटण आतपर्यंत शिजलेलं, शेकोटीवरची अर्धी कच्ची कलेजी तर नकोच. शेळीचं निरसं दूध नको. परड्यात खुरपायचं काम त्याने करायचं नाही. मनीची जागा असेल तर ती रोजच्या रोज दुसऱ्या कुणीतरी साफ करायची, हातमोजे घालून. वहिनी गरोदर असतील तर त्यांनीही नाही.

आणि मनीला धरणापलीकडे सोडलं तर काय होईल, तेही आईंना सांगा. ती उपाशी राहील, उंदीर मारेल आणि दुसऱ्या कुणाच्या परड्यात बसेल. घरात शिजवलेलं खाणारी मांजर त्या रानातल्या मांजरीपेक्षा कमी धोक्याची आहे. तिला कच्चं मांस घालू नका, रात्री आत ठेवा. बस.

निवृत्त_समुपदेशक (बुधवार, रात्री ९:२०)

अगं मुली, मी सांगली भागात या कामात बरीच वर्षं काढली. तुझं वाचून झोप येईना म्हणून लिहिते.

आधी माई, तुमचा जीव मोठा आहे, पण शहाळं आणि केळी तूर्त डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. को-ट्रायमॉक्साझोलच्या एवढ्या मोठ्या मात्रेत रक्तातलं पोटॅशियम चढतं, आणि या दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं. चढलेलं पोटॅशियम हृदयाचा ठोका बिघडवतं. साधं पाणी भरपूर द्यावं. काढाही नको, एआरटी सुरू होणार आहे, यकृतावर आणखी काही लादायला नको. रक्त, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम मधूनमधून तपासतायत ना, हे विचार.

माझ्या उमेदीच्या काळात या आजाराने माणसं दोनदा यायची. डोक्यातलं औषधाने उतरायचं, घरी जायची, काही महिन्यांत परत यायची आणि मग जायची. कारण मूळ आजाराची औषधं परवडायची नाहीत. १ एप्रिल २००४ ला सरकारने मोफत एआरटी सुरू केली, ती सुरुवातीला देशात आठ रुग्णालयांत. मुंबईचं जे. जे. त्यातलं एक. आमच्याकडून लोक रात्रीच्या एसटीने जायचे, सकाळी रांगेत उभे राहायचे. आज तुझ्या दादाला जिल्ह्यातच गोळ्या मिळतील, दिवसाला एक. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोलुटेग्रॅविर एकाच गोळीत. सिंहगडवाल्या भाऊंना एफाविरेन्झ या जुन्या औषधावर चित्रविचित्र स्वप्नं पडली असतील, ते आता नाही.

एआरटी अशा वेळी टॉक्सोचं औषध सुरू होऊन साधारण दोन आठवड्यांत सुरू करतात. त्याआधी दोन गोष्टी विचार. एक, क्रिप्टोकॉकसची अँटिजेन तपासणी झाली का. सीडी४ शंभराच्या खाली असेल तर ती व्हायलाच हवी. कारण त्या बुरशीने मेंदूज्वर असेल तर एआरटी काही आठवडे मागे ढकलतात, घाईने जिवावर बेततं. दोन, डोळ्यांचा पडदा. सीडी४ पन्नासच्या खाली असलेल्या माणसाला 'डोळ्यांपुढे ठिपके येतात का' एवढं तरी विचारून, बाहुल्या मोठ्या करून डोळे तपासून घ्यावे. फिटसाठी लेव्हेटिरासेटम आहे हे बरंच आहे. उद्या कुणी बदलून फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपीन लिहिलं तर एआरटीच्या डॉक्टरांना सांगा, त्यांनी डोलुटेग्रॅविर कमी पडतं. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी देत असाल तर तीही सांगा, वेळ जुळवावी लागते.

एआरटी सुरू झाल्यावर दोन-चार आठवड्यांत पुन्हा ताप, डोकेदुखी आली तर घाबरून गोळ्या बंद करू नका. पेशी परत जाग्या होऊन भांडायला लागतात, तेव्हा असं होतं. पण त्याच दिवशी दाखवा.

वहिनीची तपासणी तीन महिन्यांनी परत करा, तोवर निरोध. पुढे दादाचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) दबला आणि दबलेला राहिला की संबंधातून तो पुढे जात नाही. हे वहिनीला कुणीतरी समोर बसून सांगायला हवं. तिच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. तीही या सगळ्यात आहे. तिला जेवलीस का विचार.

आईचं. आईला सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे दादाने ठरवायचं. तू नाही, वहिनी नाही, डॉक्टरही नाही. २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या संमतीवाचून त्याचा एचआयव्ही कुणाला सांगता येत नाही, आणि या कारणावरून कामावरून काढताही येत नाही. वर्कशॉपला फक्त 'मेंदूत संसर्ग, उपचार चालू' एवढा दाखला चालतो. काही अडलं तर १०९७ ला फोन कर, मराठीत बोलतात.

कोयनाकाठ (पुढचा बुधवार, दुपारी ३:५०)

सगळ्यांचं चारचारदा वाचलं. वहिनीलाही वाचायला दिलं. काल चौदावा दिवस होता, एमआरआय झाला. पाचांपैकी दोन कडी दिसतच नाहीत, मोठं जवळजवळ निम्म्यावर आलंय आणि सूज बरीच उतरली. मॅडम म्हणाल्या, टॉक्सोच. क्रिप्टोची तपासणी आधीच झाली होती, निगेटिव्ह. डोळे सोमवारी तपासले, ठीक आहेत. पोटॅशियम थोडं वर होतं, म्हणून शहाळं बंद. (माई, रागावू नका, पहिले तीन दिवस मीच देत होते.) शुक्रवारी एआरटी सुरू.

दादा राजमा आणि हरभरा वेगळा करतो. तूरडाळ अजून नाही. काल वर्कशॉपमधल्या मित्राने बारा नंबरचा नट आणि बोल्ट आणून दिला, तो रात्री उशाशी घेऊन झोपला होता. 'किल्ली' बरोबर म्हणतो.

आईला त्याने स्वतः सांगितलं, रविवारी. मी बाहेर व्हरांड्यात होते. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग घरी फोन करून शेजारच्या काकूंना म्हणाली, मनीला दूध घातलं का बघा.

एक विचारायचं होतं. आज सकाळपासून दादाच्या पाठीवर आणि पोटावर बारीक लाल पुरळ आहे. खाज आहे. घाम असेल का?

सिंहगड_पायथा (बुधवार, दुपारी ३:५८)

घाम समजू नका. सल्फाचं पुरळ असू शकतं, डीएसच्या गोळीत सल्फा असतं. मलाही नवव्या दिवशी आलं होतं, माझं साधं निघालं, खाजेच्या गोळीवर भागलं. पण ते मी ठरवलं नव्हतं, डॉक्टरांनी. आत्ता लगेच बघा: तोंडाच्या आत, ओठांवर फोड आहेत का? डोळे लाल आहेत का? लघवीच्या जागी आग? ताप? कातडी कुठे सुटतेय का? यातलं काहीही असेल तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टर बघायला हवेत, राउंडची वाट बघू नका. नसेल तरी आजच दाखवा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, ती बदलायची असली तर तिच्या जागी लगेच दुसरं द्यावं लागतं.

कोयनाकाठ (बुधवार, दुपारी ४:१०)

तोंडात काही नाही, डोळे साफ, ताप ९८.६. सिस्टरना बोलावलंय, मॅडमना फोन लावतायत.

कोयनाकाठ (बुधवार, संध्याकाळी ७:३५)

मॅडम येऊन बघून गेल्या. साधं पुरळ म्हणाल्या, खाजेची गोळी दिली, डीएस चालूच ठेवायची. रोज सकाळी आणि रात्री तोंड, डोळे बघायचे. ते काम वहिनीने घेतलंय, वहीत लिहून ठेवते.